सतीश आळेकर : नाटककारातील दिग्दर्शक आणि वर्गातील संहिता

प्रस्तावना

साठोत्तरी मराठी रंगभूमीचा विचार करताना विजय तेंडुलकर, महेश एलकुंचवार आणि सतीश आळेकर ही तीन नावे एका दमात घेतली जातात. ही जोडणी अध्यापनाच्या दृष्टीने सोयीची असली, तरी तिच्यामुळे एक महत्त्वाचा भेद झाकला जातो. तेंडुलकर आणि एलकुंचवार यांनी आपली नाटके प्राधान्याने इतरांच्या हाती सोपवली. ‘घाशीराम कोतवाल’ला जब्बार पटेल लाभले, ‘वाडा चिरेबंदी’ला विजया मेहता लाभल्या. आळेकरांनी मात्र आपली सर्वांत महत्त्वाची नाटके स्वतः बसवली आणि प्रसंगी त्यांत भूमिकाही केल्या. नाटककार आणि दिग्दर्शक या दोन भूमिका त्यांच्या ठिकाणी एकामागून एक आलेल्या नाहीत. संहिता लिहिली जात असतानाच ती रंगमंचावर उभी राहत होती, असे त्यांच्या लेखनाचे स्वरूप आहे.

या भेदाचा प्रश्न नांदेड-लातूर परिसरातील मराठीच्या अध्यापकांसमोर अधिक तीव्रतेने उभा राहतो. महाविद्यालयीन वर्गात नाटक हे कादंबरी-कवितेप्रमाणे छापील पुस्तक म्हणून येते. कथानक, पात्रचित्रण, संवाद, भाषाशैली या ठरलेल्या घटकांनी त्याचे विच्छेदन होते आणि आळेकरांची पाळी आली की ‘असंगत नाटक’ किंवा ‘ॲब्सर्ड’ हा एक शब्द फळ्यावर लिहिला जातो. त्याखाली बेकेट आणि आयनेस्को यांची नावे येतात, मानवी जीवनाची निरर्थकता, संवादाची अशक्यता वगैरे मुद्दे येतात. विद्यार्थी ते उतरवून घेतो व परीक्षेत उतरवून देतो. नाटक मात्र त्याच्यापासून दूरच राहते. हे दूर राहणे अपरिहार्य नाही. आळेकरांच्या नाटकाचा अर्थ ज्या प्रयोगरूपांत साठवलेला आहे, त्यांतील एक तरी रूप मराठवाड्यातील विद्यार्थ्याला पुण्याच्या प्रेक्षकापेक्षा जवळचे आहे. त्या दिशेने आळेकरांच्या कारकिर्दीकडे पाहणे येथे अभिप्रेत आहे.

प्रयोगशाळा आणि तालीम

सतीश आळेकरांचा जन्म ३० जानेवारी १९४९ रोजी दिल्ली येथे झाला. स्वातंत्र्यचळवळीतील नेते व केंद्रीय मंत्री काकासाहेब गाडगीळ हे त्यांचे मातामह. बालपण आणि शिक्षण मात्र पुण्याचे. फर्ग्युसन महाविद्यालयातून विज्ञानाची पदवी घेतल्यानंतर त्यांनी पुणे विद्यापीठातून जीवरसायनशास्त्रात एम. एस्‌सी. केले आणि पुढील दोन दशकांहून अधिक काळ पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात नोकरी केली. जब्बार पटेल आणि मोहन आगाशे हे त्यांचे रंगभूमीवरील सहकारी त्याच महाविद्यालयात वैद्यकशास्त्र शिकलेले, एक बालरोगतज्ज्ञ तर दुसरे मनोविकारतज्ज्ञ. दिवसा रुग्णालय वा प्रयोगशाळा आणि संध्याकाळी तालीम असा या मंडळींचा क्रम होता. नाटकावर कोणाचीही चूल अवलंबून नव्हती. या गोष्टीचा उल्लेख चरित्रात्मक टिपणांत केवळ कौतुकाने होतो, परंतु तिचा आळेकरांच्या लेखनाशी थेट संबंध आहे. व्यावसायिक नाटककाराला तिकीट खिडकीचा, नटाच्या तारखांचा आणि दौऱ्याचा हिशेब सांभाळावा लागतो. आळेकरांना तो सांभाळावा लागला नाही. त्यांच्याजवळ वेळ होता तो तालमीचा, आणि तालमीतच त्यांचे नाटक घडले. नोकरी सांभाळून महाविद्यालयाच्या सभागृहात रात्री युवक महोत्सवाची एकांकिका बसवणाऱ्या प्राध्यापकाला हे जग अपरिचित वाटण्याचे कारण नाही.

विद्यार्थिदशेतच त्यांनी एकांकिका लिहिल्या. त्यांतील ‘झुलता पूल’ने भालबा केळकरांचे लक्ष वेधले आणि केळकरांच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये आळेकरांचा प्रवेश झाला. या संस्थेने डिसेंबर १९७२ मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आणले. जब्बार पटेलांचे साहाय्यक दिग्दर्शक म्हणून आळेकर या निर्मितीत होते. नाटकावर वादळ उठले. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने प्रयोग थांबवले आणि ते करणारी तरुण मंडळी बाहेर पडली. १९७३ मध्ये ‘थिएटर अकॅडमी’ची स्थापना झाली ती या घटनेतून. संस्थेचा इतिहास म्हणून ही हकीकत सर्वश्रुत आहे. आळेकरांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे ते या काळात त्यांना मिळालेले शिक्षण. ‘घाशीराम’मध्ये ब्राह्मणांची एक रांग रंगमंचावर उभी राहते. तीच पडदा होते, तीच भिंत होते, तीच नगरी होते, गाते, नाचते आणि पाठ फिरवून गुन्हा झाकते. कृष्णदेव मुळगुंद यांच्या नृत्यरचनेने व भास्कर चंदावरकरांच्या संगीताने या रांगेला देह आणि स्वर दिला. तेंडुलकरांच्या संहितेत ही रांग होतीच, परंतु तिचा अर्थ तालमीत घडला. समूह आणि संगीत ही नाटकाची सजावट नसून नाटकाचे विधान करण्याची साधने आहेत, हा धडा तेवीस-चोवीस वर्षांच्या साहाय्यक दिग्दर्शकाने येथे घेतला असणार. ‘महानिर्वाण’ वाचताना याची खात्री पटते.

‘महानिर्वाण’ : मृताचे कीर्तन

‘मिकी आणि मेमसाहेब’ या पहिल्या नाटकानंतर १९७४ मध्ये ‘महानिर्वाण’ आले. आळेकरांचे वय तेव्हा पंचवीस. चाळीत राहणारे भाऊराव मरण पावतात आणि मेल्यानंतर उठून स्वतःच्या मरणाचे आख्यान लावतात. आपले दहन जुन्याच स्मशानात व्हावे असा त्यांचा हट्ट आहे आणि ते स्मशान तर बंद झालेले आहे. पत्नी रमा शोक करते. तो शोकही बघता बघता गाणे होतो. शेजारी मदतीला धावतात आणि त्यांची मदत एक समूहगान होते. मुलगा नाना या सगळ्यात सापडलेला आहे. प्रेत घरात आहे, दिवस जात आहेत, ते सडू लागले आहे.

एवढे कथानक सांगून ‘मृत्यूच्या विधींतील निरर्थकता’ असा निष्कर्ष काढला की नाटकाचा अभ्यास संपतो, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः तेथे तो सुरूही होत नाही. भाऊराव कीर्तनकार आहेत, म्हणजेच नाटकाचा निवेदक कीर्तनकार आहे. या एका निर्णयामुळे नाटकातील प्रत्येक गोष्टीचा स्वभाव बदलतो. कीर्तनकाराला गद्यातून पद्यात जाण्यासाठी कारण द्यावे लागत नाही. तो एका क्षणी आख्यानातील पात्र होतो, दुसऱ्या क्षणी पात्रावर भाष्य करतो, तिसऱ्या क्षणी समोरच्या श्रोत्याला चिमटा काढतो. गंभीर निरूपणात विनोद करण्याचा त्याला परंपरागत परवाना असतो. नाटकातील हास्य आणि शोक यांची सरमिसळ ‘असंगत’ वाटते ती कीर्तन विसरून वाचणाऱ्याला. मराठी श्रोत्याने ही सरमिसळ शतकानुशतके देवळात बसून ऐकलेली आहे.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. आळेकरांनी वापरलेले कीर्तन हे मुख्यतः नारदीय, म्हणजे हरिदासी वळणाचे आहे. एकच हरिदास, साथीला पेटी-तबला, नमन, पूर्वरंगातील तात्त्विक निरूपण, मग उत्तररंगातील आख्यान अशी त्याची चौकट असते आणि पुण्यासारख्या शहरातील मध्यमवर्गाला ती परिचित होती. मराठवाड्याच्या खेड्यांत घराघरांत पोहोचलेले कीर्तन वारकरी आहे. तेथे कीर्तनकारामागे टाळकऱ्यांची रांग उभी असते, मृदंग असतो, विणेकरी असतो. अभंगाचे चरण निरूपणासाठी घेतले जातात आणि कीर्तनकाराने सोडलेली ओळ मागची रांग उचलते. ‘महानिर्वाण’मधील चाळकऱ्यांचा समूह नारदीय कीर्तनाच्या चौकटीतून पूर्णपणे उलगडत नाही, कारण त्या चौकटीत असा समूह नसतो. तो उलगडतो वारकरी कीर्तनातील टाळकऱ्यांकडे पाहिल्यावर. ते एकाच वेळी साथीदार असतात, श्रोते असतात आणि साक्षीदारही असतात. आळेकरांनी हे जाणीवपूर्वक योजले होते असे म्हणण्याचा आधार नाही. ‘घाशीराम’मधील रांग त्यांना पुरेशी होती. परंतु कंधार, मुखेड, अहमदपूर किंवा उदगीर परिसरातून येणाऱ्या विद्यार्थ्याला हा समूह समजावून सांगण्यासाठी ग्रीक कोरसकडे जाण्याची गरज नाही, एवढे निश्चित म्हणता येते.

आणखी एक गोष्ट आहे. या भागात मृताच्या पुण्यस्मरणानिमित्त कीर्तन ठेवण्याची प्रथा आजही दृढ आहे. घरातील माणूस गेल्यानंतर वर्षाच्या दिवशी मांडव पडतो, कीर्तनकार येतो, देहाच्या नश्वरतेवर निरूपण करतो, मृताचे गुण सांगतो आणि पंगती उठतात. मृत्यू आणि कीर्तन यांची ही गाठ ज्याने पाहिली आहे, त्याला ‘महानिर्वाण’मधील मूळ खोच एका वाक्यात कळते. येथे ज्याच्यासाठी कीर्तन ठेवायचे तोच कीर्तनाला उभा आहे. जिवंतांनी मृताविषयी जे ठरावीक शब्दांत बोलायचे असते, ते मृतच त्यांच्याविषयी बोलू लागतो. मृताबद्दल वाईट बोलू नये हा संकेत आहे. मृताने जिवंतांबद्दल काय बोलावे याविषयी परंपरेने काहीच सांगून ठेवलेले नाही. त्या मोकळ्या जागेत हे नाटक घडते. भाऊरावांचा जुन्या स्मशानाचा हट्ट हा केवळ एका म्हाताऱ्याचा लहरीपणा उरत नाही. परंपरा मेली आहे हे परंपरेलाच मान्य नाही, असा तो हट्ट होतो. नाना त्या हट्टाचे ओझे वाहणारा पुढच्या पिढीचा प्रतिनिधी आहे. ही भूमिका आळेकरांनी स्वतः केली होती आणि भाऊराव चंद्रकांत काळे यांनी गाऊन उभे केले. आनंद मोडक यांचे संगीत या नाटकाला लाभले. लेखकानेच दिग्दर्शन करावे आणि लेखकानेच प्रेताचा मुलगा व्हावे, यातील उपरोध प्रयोग पाहणाऱ्यांच्या नजरेतून सुटला नसावा.

निवेदकाच्या पारंपरिक रूपाचा आधुनिक नाटकासाठी असा वापर त्याच दशकात आशियात अन्यत्रही होत होता. इंडोनेशियातील कवी, नाटककार आणि दिग्दर्शक रेन्द्रा (१९३५-२००९) यांनी १९६७ मध्ये योग्याकार्ता येथे ‘बेंगकेल तेआतेर’ ही संस्था उभारली. ‘बेंगकेल’ म्हणजे दुरुस्तीचे वा कामाचे कारखानावजा ठिकाण. १९७५ मधील त्यांच्या नागा जमातीच्या लढ्यावरील नाटकात जावा बेटावरील छायाबाहुल्यांच्या खेळातील सूत्रधार, म्हणजे ‘दालांग’, निवेदन करतो आणि विकासाच्या नावाने चाललेल्या लुटीवर टीका करतो. पुढे १९७८ मध्ये रेन्द्रांना तुरुंगवास झाला. दोघांतील साम्य उघड आहे, परंतु फरक अधिक बोलका आहे. रेन्द्रांचा सूत्रधार घटनेच्या बाहेर उभा राहून सत्तेकडे बोट दाखवतो. आळेकरांच्या निवेदकाला बाहेर जागाच नाही. तोच प्रेत आहे, तोच घटना आहे आणि बोट दाखवायचे तर स्वतःच्या घराकडेच दाखवावे लागते. एकाचे नाटक राजकीय झाले आणि दुसऱ्याचे कौटुंबिक राहिले, याचे मूळ निवेदकाच्या या जागेत शोधता येते.

‘बेगम बर्वे’ : गाण्यात राहणारा माणूस

१९७९ मधील ‘बेगम बर्वे’ हे आळेकरांचे सर्वोत्तम नाटक होय, याबद्दल समीक्षकांत फारसे दुमत नाही. संगीत नाटकाच्या उतरत्या काळात किरकोळ स्त्रीभूमिका केलेला बर्वे आता उदबत्त्या विकतो. श्यामराव हा त्याचा मालक, पोशिंदा आणि छळणारा. दुसऱ्या बाजूला जावडेकर आणि बावडेकर हे दोन अविवाहित कारकून एका खोलीत राहतात. जावडेकराच्या मनात कार्यालयातील नलावडेबाई आहेत. बर्वे या दोघांच्या खोलीत येतो आणि नलावडेबाई होतो. लग्न लागते, संसार सुरू होतो, डोहाळे लागतात. चार माणसांची भुकेली स्वप्ने एकमेकांत मिसळून एक घर तयार होते आणि श्यामराव ते मोडून टाकतो.

संहितेच्या वाचनात हे नाटक विचित्र वाटते, कधी कधी विकृतही वाटते. वर्गात ते शिकवण्यास अनेक अध्यापक संकोचतात ते यामुळेच. परंतु बर्वे स्त्रीवेश करतो ही या नाटकाची बातमी नाही. मराठी रंगभूमीने बालगंधर्वांच्या रूपाने स्त्रीवेशालाच सौंदर्याचा मानदंड मानले होते, आणि त्यावर घराघरांतल्या स्त्रियांनी आपले नेसणे-सावरणे बेतले होते. ज्या समाजाने एका पुरुषाचे स्त्रीरूप डोक्यावर घेतले त्याच समाजाने तशाच दुसऱ्या, कमी गुणाच्या माणसाला उदबत्त्या विकायला लावले, ही खरी गोष्ट आहे. बर्वे ज्या स्वप्नात शिरतो ते स्वप्न नाट्यपदांनी बांधलेले आहे. पद सुरू झाले की कळकट खोलीचा दिवाणखाना होतो आणि पद थांबले की दिवाणखाना नाहीसा होतो. छापील पुस्तकात पदाच्या जागी दोन ओळी असतात, वाचक त्यांवरून डोळे फिरवतो आणि पुढे जातो. म्हणजे ज्या जागी नाटक घडते नेमकी तीच जागा वाचनात गळते.

येथे मराठवाड्यातील अध्यापकाची अडचण ‘महानिर्वाण’च्या उलट आहे. कीर्तन विद्यार्थ्याच्या कानात असते; नाट्यसंगीत बहुधा नसते. संगीत नाटकाची स्मृती ही प्रामुख्याने पुणे, मुंबई, सांगली या पट्ट्याची. १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेल्या या प्रदेशाच्या कानात भारूड, गोंधळ, तमाशाची लावणी आणि कव्वाली अधिक मुरलेली आहे. ‘बेगम बर्वे’ शिकवण्यापूर्वी बालगंधर्वांच्या दोन-चार ध्वनिमुद्रिका वर्गात ऐकवल्या नाहीत, तर नाटकाचा अर्धा भाग विद्यार्थ्याला बहिरा राहतो. हा उपाय साधा आहे, त्याला अनुदान लागत नाही. तरीही तो क्वचितच होतो, कारण प्रश्नपत्रिकेत गाण्यावर प्रश्न येत नाही.

दिग्दर्शकाची पकड

आळेकरांच्या दुहेरी भूमिकेचा लाभ जसा उघड आहे तशी तिची मर्यादाही पाहिली पाहिजे. या दोन नाटकांत आशयाने आपले प्रयोगरूप स्वतः शोधले आहे. मृत्यूला कीर्तन आणि हरवलेल्या सौंदर्याला संगीत नाटक, या दोन जोड्या अशा आहेत की त्यांतील एक काढली तर दुसरी उरत नाही. पुढील नाटकांत ही अपरिहार्यता कमी होत जाते. ‘शनिवार रविवार’ (१९८२), ‘अतिरेकी’ (१९९०), ‘पिढीजात’ (२००३) या नाटकांत भाषेचा खेळ तितकाच चपळ आहे. बातमीपत्र, पोथी, कार्यालयीन टिपणी, जाहिरात यांची भाषा एकमेकींवर आदळवून हास्य निर्माण करण्याचे कसब कोठेही कमी झालेले नाही. परंतु त्या भाषेला धरून ठेवणारे, प्रेक्षकाच्या सामूहिक स्मृतीत असलेले असे प्रयोगरूप या नाटकांना मिळालेले नाही. त्यामुळे प्रसंग चमकतात आणि नाटक विखुरते. प्रयोगतंत्रावर प्रभुत्व असलेल्या दिग्दर्शकाला असे विखुरलेले प्रसंगही रंगमंचावर सावरून घेता येतात, आणि कदाचित म्हणूनच नाटककाराला त्यांचा पुनर्विचार करावासा वाटत नाही. स्वतःचा दिग्दर्शक स्वतःच असण्यातला हा धोका आहे. बाहेरचा दिग्दर्शक ज्या ठिकाणी अडतो आणि लेखकाला प्रश्न विचारतो, तो अडथळाच येथे नसतो.

या संदर्भात आळेकरांनी इतरांच्या हाती दिलेल्या नाटकांकडेही लक्ष जाते. ‘महापूर’ (१९७५) मोहन गोखले यांनी दिग्दर्शित केले. ‘दुसरा सामना’ (१९८७) हे राजकीय सत्तेचा वेध घेणारे नाटक बीड जिल्ह्यातून आलेल्या वामन केंद्रे यांनी बसवले. आळेकरांच्या नाटकांत हे नाटक रचनेने सर्वांत सरळ आहे आणि पुस्तकातून वाचतानाही तुलनेने कमी गळते. दुसऱ्याच्या हाती द्यायची संहिता लेखक अधिक भरून लिहितो, असे यावरून म्हणता येईल काय? एका उदाहरणावरून नियम करणे धाडसाचे ठरेल, पण प्रश्न विचारण्याजोगा आहे. उलट बाजूला अमाल अल्लाना यांनी १९९६ मध्ये केलेली हिंदी ‘बेगम बर्वे’ आहे. मनोहर सिंग यांच्यासारख्या भरदार देहयष्टीच्या, भारदस्त आवाजाच्या नटाने त्यात बर्वेची भूमिका केली. मराठी नाट्यपदांची स्मृती नसलेल्या प्रेक्षकासमोर हे नाटक उभे राहिले, याचा अर्थ मूळ प्रयोगरूप माहीत नसले तरी दुसरा समर्थ दिग्दर्शक या संहितेत स्वतःची वाट शोधू शकतो. आळेकरांचे नाटक आळेकरांनीच करावे हा पुणेरी समज त्यामुळे टिकत नाही. संहितेला दिग्दर्शक लागतो हे खरे. तो नेमका तिचा लेखकच असला पाहिजे असे नाही. वर्गातील अध्यापकाने काही अंशी ही जबाबदारी घ्यावी, असे म्हणता येते ते यामुळेच.

नांदेडमधून विचारलेला प्रश्न

आळेकरांच्या नाटकातील जग कोणाचे आहे, हा प्रश्न या परिसरात टाळता येणार नाही. चाळ, पेठ, कारकुनी, नारदीय कीर्तन, संगीत नाटक हे सारे पुण्या-मुंबईच्या ब्राह्मणी मध्यमवर्गाचे जग आहे. आळेकर त्या जगाचे वाभाडे काढतात, परंतु ते काढतात आतून. त्या जगाबाहेर उभा असलेला माणूस त्यांच्या रंगमंचावर फारसा येत नाही. स्मशान कोणते असावे याबद्दल भाऊराव हट्ट धरू शकतात. मराठवाड्यातील अनेक गावांत स्मशानभूमी जातीनुसार वेगळ्या आहेत आणि काही ठिकाणी वस्तीला हक्काची स्मशानभूमीच नाही. ही वस्तुस्थिती माहीत असलेला विद्यार्थी ‘महानिर्वाण’ वाचताना जो प्रश्न विचारेल, तो पुण्याच्या प्रेक्षकाला १९७४ मध्ये पडला नसावा. नाटकाच्या दृष्टीने तो प्रश्न अप्रस्तुत ठरवणे सोपे आहे, पण तो या नाटकाचा अर्थ वाढवणारा प्रश्न आहे.

नांदेडचे नाटककार प्रा. दत्ता भगत यांच्या ‘वाटा पळवाटा’शी येथे तुलना सुचते. ऐंशीच्या दशकातील या नाटकात आंबेडकरी चळवळीच्या तीन पिढ्या समोरासमोर येतात. बाबासाहेबांच्या काळात घडलेले काका, विचाराने संयत असलेला प्राध्यापक सतीश आणि तडफदार तरुण अर्जुन. सतीशची पत्नी हेमा ब्राह्मण आहे. हे नाटक वादविवादाचे आहे. त्याचा संघर्ष शब्दांत आहे, म्हणून ते पुस्तकातून वाचतानाही पेटते, आणि वर्गात वाचून दाखवले तरी विद्यार्थी बाजू घेऊ लागतात. भगत आणि आळेकर दोघेही पिढ्यांच्या वारशाबद्दल बोलतात. मागच्या पिढीने दिलेले ओझे पुढच्या पिढीने कसे वाहायचे हा नानाचाही प्रश्न आहे आणि सतीशचाही. मात्र नानाला आपले ओझे विसर्जित करायचे आहे, आणि सतीश व अर्जुन यांना आपला वारसा नीट पुढे न्यायचा आहे. ज्याच्याजवळ परंपरा पुरून उरली आहे तो तिची थट्टा करू शकतो. ज्याने ती संघर्षाने मिळवली आहे त्याला तिचा हिशेब द्यावा लागतो. ही दोन नाटके अभ्यासक्रमाच्या एकाच पत्रिकेत शेजारी ठेवली तर ‘असंगत नाट्य’ आणि ‘दलित रंगभूमी’ या दोन वेगळ्या कप्प्यांत जे दिसत नाही ते दिसू लागेल.

अध्यापक आणि संघटक

आळेकरांच्या कारकिर्दीचा शेवटचा महत्त्वाचा भाग लेखनाबाहेरचा आहे, आणि मराठवाड्याच्या दृष्टीने तो कमी मोलाचा नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून थिएटर अकॅडमीने फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने नव्या नाटककारांसाठी कार्यशाळांची आणि पुण्याबाहेरच्या नाट्यसंस्थांच्या विकासाची योजना राबवली. तिची आखणी आणि अंमलबजावणी आळेकरांकडे होती. स्वतःच्या नाटकांच्या परदेश दौऱ्यांत आणि पुरस्कारांत रमण्याच्या वयात त्यांनी हे काम केले. पुढे १९९६ ते २००९ या काळात पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचे ते प्रमुख होते. १९९४ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २०१२ मध्ये पद्मश्रीने त्यांचा गौरव झाला. निवृत्तीनंतर ‘व्हेंटिलेटर’ (२०१६) सारख्या चित्रपटातून ते अभिनेता म्हणून नव्या प्रेक्षकासमोर आले. ‘लोकसत्ता’तील ‘गगनिका’ या स्तंभातून त्यांनी आपल्या रंगभूमीविषयक आठवणी लिहिल्या, आणि टाळेबंदीच्या काळात ‘ठकीशी संवाद’ हे नवे नाटक लिहिले.

ललित कला केंद्रातील अध्यापनाचा गाभा होता तो विद्यार्थ्याने संहिता देहाने आणि आवाजाने वाचण्याचा. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातही ललित व प्रयोगजीवी कलांचे संकुल आहे, आणि त्याच विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत मराठीचे विभाग आहेत. एकाच नाटकाचा एका ठिकाणी प्रयोग होतो आणि दुसऱ्या ठिकाणी त्याची टिपणे होतात, आणि दोन्हीकडचे विद्यार्थी एकमेकांच्या वर्गात सहसा जात नाहीत. ‘महानिर्वाण’मधील चाळकऱ्यांचे एखादे समूहगान मराठीच्या वर्गात दहा-बारा विद्यार्थ्यांनी उभे राहून, टाळ घेऊन म्हणायचे ठरवले तर चाल कोणती लावायची यावरून प्रथम वाद होईल. गावाकडे कीर्तनात मागे उभा राहिलेला एखादा विद्यार्थी त्या वादात सर्वांत पुढे असेल, आणि ओळ कोणी सोडायची व कोणी उचलायची हे बहुधा तोच ठरवेल.